तिघांची खोली

शनिवार, १७ मे २००३

युरो परत चढला. सव्वाचार रियाल. एक्स्चेंजच्या काचेवरचा आकडा बघून तसाच माघारी फिरलो. गेल्या वर्षी या दिवसांत साडेतीनच्या आत होता. तेव्हाच सगळं जुळवलं आणि घरी सांगून बसलो — यंदाच्या ऑगस्टमध्ये पॅरिस आणि रोम, चौघंही. आपला कतारी रियाल डॉलरला बांधलेला. डॉलर पडला की आपणही पडलो. पगार तोच, बचत तीच, आणि पॅरिस मात्र रोज थोडं थोडं लांब सरकतंय.

बिलकिसला अजून काही बोललो नाही.

शुक्रवार, २३ मे

जेवताना जैदची परीक्षा. बिलकिस विचारते — व्हिएन्ना कुठल्या नदीवर? बुडापेस्ट? रोम? अकरा वर्षांचा पोरगा, भात चिवडत इंग्रजीत उत्तरं देतो. डॅन्यूब, डॅन्यूब अगेन, टायबर. चुकला की ती मराठीत दटावते.

लग्नाआधी ती मंडणगडजवळच्या शाळेत भूगोल शिकवायची. फळ्यावर अख्खा युरोप काढायची म्हणे, पुस्तकात न बघता. मी तिला बघायला गेलो तेव्हा ती शाळेतूनच घरी आली होती. बोटांना निळा खडू. नद्यांचा. मग निकाह, मग दोहा. सोळा वर्षं झाली. इथे ती खालच्या बकाल्यापर्यंत एकटी जाते, दूध-पाव आणते, त्यापुढे नाही. गाडी माझ्याकडे. बाजार मी करतो, बिलं मी भरतो, शाळेत मी जातो. तिला कशासाठी वणवण करायला लावली नाही कधी.

पॅरिसचं पहिल्यांदा बोललो त्याच्या दुसऱ्या दिवशी थोरलीचा, अफशांचा, शाळेतला अ‍ॅटलास तिच्या उशाजवळ दिसला.

मंगळवार, ३ जून

पॅरिसच्या हॉटेलचा फॅक्स आला. चौघांना एका खोलीत राहता येणार नाही, दोन खोल्या घ्याव्या लागतील. तिघांची मात्र आहे — सगळ्यांत वरच्या मजल्यावर, छपराखाली, त्यांच्याकडची सगळ्यांत स्वस्त. रोमच्या हॉटेलनेही हेच कळवलंय.

दोन खोल्या म्हणजे विषय संपला. दिवसभर उम्म सलालच्या गोडाऊनमध्ये सिमेंटच्या पोत्यांच्या पावत्या करत होतो आणि डोक्यात तेच. चौथं तिकीट, चौथं जेवण, चौथ्याचा मेट्रोचा पास, चौथ्यासाठी दुसरी खोली. जिथे हात घालावा तिथे तो चौथा आडवा येतो.

चौथा कोण, हे सुचायला संध्याकाळ झाली.

शनिवार, ७ जून

खलीलशी बोललो. तो श्रीवर्धनचा, आमच्या कंपनीत पासपोर्ट आणि परवान्यांचं काम बघतो. सगळ्या कामगारांचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत, आणि किल्ली त्याच्याकडे. म्हटलं, माझा पासपोर्ट काढू नकोस. बिलकिसचा आणि मुलांचे घरीच आहेत, तेवढ्याच तिघांचे अर्ज भरतो.

“आणि घरी काय सांगणार?”

“माझा व्हिसा आला नाही म्हणून सांगेन. हल्ली कुणाकुणाचा अडकतो, कुणी खोदून विचारत नाही.”

“खोटं कशाला, जहूर? पुढच्या वर्षी चौघं जा.”

पुढच्या वर्षी अफशांची बोर्डाची परीक्षा. त्यानंतर तिला कॉलेजसाठी इंडियात पाठवायचं. मग कुठले चौघं आणि कुठलं पॅरिस. आणि युरो माझी वाट बघत थोडाच खाली येणार आहे.

खरं सांगून टाकावं असं मनात आलं होतं. पण पैसे पुरत नाहीत म्हटलं की बिलकिस म्हणेल, राहू दे. एकदाच म्हणेल आणि परत कधी नाव काढणार नाही. तिचं ते ‘राहू दे’ मला ठाऊक आहे. घर घ्यायचं राहिलं तेव्हा म्हणाली होती. बी.एड. करायचं राहिलं तेव्हाही.

खलीलला सांगितलं, कुणाजवळ बोलू नकोस. म्हणाला, “माझ्या पोटात राहील.”

बुधवार, २५ जून

तिघांचे व्हिसा आले.

घरी येऊन सांगितलं — माझा नाही आला, कारणही दिलं नाही. पाठ केलेलं वाक्य, बरोबर बाहेर पडलं. बिलकिस माझ्याकडे बघत राहिली, मग पाणी आणायला आत गेली.

अफशां भडकली. “इट्स बिकॉज ऑफ युअर नेम, अब्बा. बिकॉज यू आर मुस्लिम.” पंधरा वर्षांची, शाळेत डिबेट करते, सगळं तोंडावर असतं. मी म्हटलं, नाही ग, गर्दी असते त्यांच्याकडे. ती ऐकेना. मी चिडत कसा नाही, इतका चांगला कसा, म्हणून गळ्यात पडून रडली. लहान होती तेव्हापासून अशी जवळ आली नव्हती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा. ज्यांनी माझं काही वाईट केलं नाही त्यांच्यावर माझी पोर राग धरून बसली, आणि त्यापायी मिळालेली माया मी घेतोय.

बिलकिस पाणी घेऊन आली. म्हणाली, “मग रद्द करायचं का?”

म्हटलं, तिकिटाचे, हॉटेलचे पैसे भरलेत, परत मिळत नाहीत. तुम्ही तिघं जा.

“बरं,” म्हणाली.

इतक्या लवकर ‘बरं’ म्हणेल असं वाटलं नव्हतं. दहा कारणं तयार ठेवली होती मी.

शुक्रवार, १८ जुलै

सूक वाकिफच्या बाजारात जाऊन खांद्याला अडकवायच्या पाण्याच्या बाटल्या आणल्या, एक छोटी किटली. तांदळाच्या भाकऱ्या दोन दिवस टिकतील, मग नूडल्स.

एकेका दिवसाचं वेगळं पान करून दिलं बिलकिसला. पाणी विकत घ्यायचं नाही, नळावर भरायचं. टॉयलेटला पैसे पडतात, म्हणून म्युझियममधून निघतानाच उरकून घ्यायचं. नोत्र दाम फुकट. आयफेल टॉवर खालून फुकट. लूव्र महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट — म्हणून तर पोचायचं तीन तारखेला ठेवलं. हॉटेलवर सामान टाकायचं आणि थेट लूव्र. कुठल्या स्टेशनवर उतरायचं, जिन्याच्या कुठल्या बाजूने वर यायचं, तेही लिहिलं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दोन महिने हेच वाचतोय.

तिने सगळी पानं नीट वाचली. मग विचारलं, “आणि बसायचं कधी?”

मला कळलं नाही. “कुठे बसायचं?”

“नदीकाठी.”

म्हटलं, मेट्रोत बसायला मिळतंच की.

शनिवार, २ ऑगस्ट

गेले. अम्मानमार्गे — तेच स्वस्त होतं.

एअरपोर्टवर तिला सगळं परत एकदा सांगितलं. ती मान हलवत होती. तिन्ही पासपोर्ट तिच्या हातात. मीच धरतो एरवी, माझा हात दोनदा पुढे गेला. काचेपलीकडे गेल्यावर मुलांनी मागे वळून हात केला. बिलकिस पाट्या वाचत होती.

घरात फ्रिजचा आवाज एवढा येतो हे माहीत नव्हतं.

रविवार, ३ ऑगस्ट

फोन आला. बूथवरून, कार्ड घेऊन. सुखरूप पोचले.

“लूव्र कसं होतं?”

“राहिलं. मुलं दमली होती, झोपलो आम्ही.”

“अग पण आज फुकट होतं!”

ती म्हणाली, “इथे ऊन फार आहे हो.”

हसायला आलं. दोह्याहून गेलेली बाई पॅरिसच्या उन्हाची तक्रार करते.

मंगळवार, ५ ऑगस्ट

हसण्यासारखं नाही. खोली सहाव्या मजल्यावर. लिफ्ट नाही. छप्पर पत्र्याचं, उतरतं, खिडकी छपरातच, आणि पंखा नाही. आजवर तिथे कुणाला पंखा लागलाच नाही म्हणे. दिवसभर तापलेलं छप्पर झोपायच्या वेळी अंगावर ओततं. जैद म्हणाला, “अब्बा, इट्स लाइक अवर कार इन द पार्किंग.” उन्हात उभी केलेली गाडी. दार उघडल्यावर जी वाफ तोंडावर येते, ती.

मी एसीत बसून हे ऐकत होतो. फोन ठेवल्यावर एसी बंद केला. थोड्या वेळाने परत लावला. माझा बंद करून त्यांचं काय भलं होणार होतं.

मग हॉटेलला फोन केला. खालची खोली द्या, जास्त पैसे देतो — कुठून देणार होतो कोण जाणे. तिकडचा माणूस फ्रेंचमध्येच बोलत राहिला. एकच शब्द परत परत. कॉम्प्ले, कॉम्प्ले. भरलंय असणार.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

बातम्यांत पॅरिस दाखवलं. माणसं कारंज्यात पाय सोडून बसलेली, पोरं कपड्यांसकट पाण्यात. त्यांत आपली कुठे दिसतात का म्हणून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिलो.

फोनवर बिलकिस थोडंच बोलली. मुलं जेवत नाहीत. पाणी विकत घेतलं, आधीच सांगून टाकते, म्हणाली. मी काय इतका कसाई आहे?

शनिवार, ९ ऑगस्ट

जैदला ताप. काल संध्याकाळपासून उलट्या.

बिलकिसचा आवाज अगदी सपाट होता. घाबरली की तिचा आवाज तसा होतो. “मीठ-साखरेचं पाणी देतेय. ओल्या टॉवेलने पुसतेय. पोटात काही ठरत नाही.” म्हटलं, डॉक्टरकडे ने. “नेते.” कुठे नेशील? “बघते.” कार्ड संपत आल्याचा आवाज यायला लागला आणि फोन तुटला.

तासाभराने अफशांने केला, रिसेप्शनवरून. रडत होती. “इफ दे हॅड गिव्हन यू द व्हिसा, यू वुड बी हिअर. आय हेट देम, अब्बा.”

रडू नकोस एवढंच म्हटलं.

रविवार, १० ऑगस्ट

सकाळी ऑफिस उघडायच्या आधी खलीलच्या दारात. पासपोर्ट काढ, मी जातो.

त्याने लगेच तिजोरी उघडली. माझा पासपोर्ट टेबलावर ठेवला. कफील, म्हणजे कंपनीचा मालक, सुट्टीवर गेलाय, पण देश सोडायच्या एक्झिट परमिटवर त्याच्या भावाची सही आणीन म्हणाला, आजच आणीन. रजेचंही बघेन. मग खुर्चीत बसला.

“पण व्हिसा, जहूर?”

मी पासपोर्टची पानं उलटत होतो. कतारचे शिक्के सोडले तर सगळी कोरी. जणू उलटता उलटता सापडणार होता. आज अर्ज दिला तर किती दिवस लागतात ते आम्हा दोघांनाही पाठ. जूनमध्ये भरला असतास तर — असं तो म्हणाला नाही. चहा मागवला. मी तो पिऊ शकलो नाही.

आज पॅरिसहून रोमची रात्रीची गाडी होती त्यांची. फोन आला नाही.

सोमवार, ११ ऑगस्ट

बातम्यांत एक डॉक्टर सांगत होता, पॅरिसमध्ये माणसं मरताहेत. म्हातारी, एकटी राहणारी. छपराखालच्या खोल्यांमध्ये.

ती खोली मी शोधली. दोन महिने शोधून शोधून, सगळ्यांत स्वस्त.

हॉटेलला फोन केला. आज एक बाई होती, तिने माझं ऐकून घेतलं, यादी बघितली असावी. “मादाम पार्ती.” परत विचारलं. “पार्ती, पार्ती.” कंपनीत लेबनानी इंजिनियर आहे, त्याला धावत जाऊन शब्दाचा अर्थ विचारला. गेली. निघून गेली.

कुठे? आजारी पोराला घेऊन गाडीत बसली? रोमच्या हॉटेलला फोन केला. त्यांच्याकडे कुणी आलेलं नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट

फोन नाही.

नमाजातही कान फोनकडे. काय मागायचं तेही सुचत नव्हतं. नुसतं जैद, जैद, जैद. नसरुद्दीन — आमचा वॉचमन — डबा ठेवून गेला, तो तसाच आहे. कुणाला फोन करू? पोलिसांना? कुठल्या देशाच्या? पैसे पाठवीन म्हटलं तर कुणाच्या नावावर, कुठल्या पत्त्यावर. मी त्यांना मेट्रोच्या जिन्याची बाजूसुद्धा लिहून दिली होती. आता ती कुठल्या शहरात आहेत हेसुद्धा मला माहीत नाही.

बुधवार, १३ ऑगस्ट

अल्लाचे उपकार. दुपारी गोडाऊनवर फोन आला. पोत्यांवरच बसलो.

जैद बरा आहे. तो स्वतः बोलला, भूक लागली म्हणाला.

झालं असं. हॉटेलात खोल्या झाडायला एक बाई यायची, झोहरा, अल्जेरियाची. बिलकिसला फ्रेंच येत नाही, इंग्रजी अडखळत. मग इथे बकाल्यावर आणि शेजारणींकडून ऐकलेलं अरबी तिने लावलं — ‘वलद मरीद. हर्र वाजिद.’ मुलगा आजारी. उकाडा फार. झोहराला अर्धं शब्दांतून कळलं, अर्धं जैदला बघून. तिने हातातलं काम टाकलं, टॅक्सी बोलावली, इस्पितळात घेऊन गेली. तिथे सगळीकडे म्हाताऱ्या माणसांच्या खाटा, बोळात सुद्धा. जैदला सलाईन लावलं. तिथून झोहराने तिघांना आपल्या घरी नेलं. शहराबाहेर, तळमजला, जाड भिंती. त्या खोलीत परत जायचं नाही, असं दोघींनी मिळून ठरवलं म्हणे. दोघींनी! एकीला दुसरीची भाषा धड येत नाही.

मी विचारलं, तीन दिवस फोन का नाही केलास?

“कार्ड संपलं होतं. आणि त्याच्याजवळून उठावंसं वाटलं नाही.”

आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, “आणि गाडीची तिकिटं?”

मला वाटलं कार्ड संपलं.

“गेली,” म्हणाली. “ठेवते मी.”

का विचारलं मी. पोरगा वाचला आणि मी तिकिटं विचारली.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

तीन दिवसांनी नीट जेवलो. खलील जबरदस्तीने समैस्माला घेऊन गेला, किनाऱ्यावर. पाणी कोमट, हवा चिकट. दोघं गाडीतच बसून होतो. तो दोनदा काहीतरी बोलायला आला आणि थांबला. शेवटी एवढंच — “भाभी हुशार आहे रे.” मी म्हटलं, हो. हे मला दुसऱ्याने का सांगावं लागतं कोण जाणे.

संध्याकाळी जैदचा फोन. तिकडचा उकाडा ओसरलाय. रोज काय बघता? “नथिंग, अब्बा. वी सिट बाय द रिव्हर.” सकाळी झोहराच्या घरून निघायचं, सीनच्या काठी दगडी धक्क्यावर जाऊन बसायचं, पाव आणि द्राक्षं खायची. बोटी जातात, अम्मी त्यांच्याकडे बघते. पाय खाली सोडून बसते. अनोळखी बायकांशी बोलते. “शी टॉक्स अ लॉट हिअर.”

आयफेल टॉवर? लांबून दिसतो म्हणाला.

मी दिलेली पानं कुठे आहेत विचारावंसं वाटलं. नाही विचारलं.

सोमवार, १८ ऑगस्ट

आज सकाळी रोमला पोचले. परतीचं विमान तिथून, म्हणून जावंच लागलं. गाडीची नवी तिकिटं बिलकिसने स्वतः खिडकीवर जाऊन काढली. पैसे कसे पुरले? “पुरले,” म्हणाली. जेवणाचे वाचले, झोहरा घेईना, मग हिने तिच्या घरी रोज स्वयंपाक केला.

जैदने सांगितलं, इथे रस्त्यांवर जागोजागी पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, सारखे वाहतात, फुकट. ही बातमी त्याने मुद्दाम दिली. मला बरं वाटावं म्हणून.

बुधवार, २० ऑगस्ट

आले. जैद वाळलाय, पण चेहरा टवटवीत. अफशांने त्याच्याभोवती हात टाकलेला — या दोघांचं कधी पटायचं नाही. बिलकिस उन्हाने रापलीय. ट्रॉली तिनेच ढकलत आणली. मी हात पुढे केला तर म्हणाली, “असू द्या, जड नाही.”

गाडीत मुलं दोन्हीकडून बोलत होती. ती खिडकीतून कॉर्निश, समुद्रकाठचा रस्ता, बघत होती, पहिल्यांदा बघितल्यासारखी. मला इतकं हलकं वाटत होतं की रस्ता चुकलो.

घरी आल्यावर म्हटलं, फार हाल झाले तुझे. मी असतो तर.

“झोपा आता,” म्हणाली.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

जुम्म्याच्या नमाजाहून आलो तर घरी मुलंच. “अम्मी कुठे?” अफशां म्हणाली, टॅक्सीने सूकला गेलीय, झोहराला पाठवायला मसाले घ्यायचेत. एकटी? “यस, अब्बा. एकटी.” हा एक शब्द तिने मराठीत म्हटला.

पाच वाजता पिशव्या घेऊन आली. मला विचारलं नव्हतं. आल्यावर फक्त सांगितलं, वेलची कुठल्या दुकानात चांगली मिळाली ते.

शनिवार, २३ ऑगस्ट

अफशांने ठरवलंय. उद्या मैत्रिणीच्या वडलांबरोबर फ्रान्सच्या एम्बसीत जाणार आणि विचारणार, माझ्या अब्बांचा व्हिसा का नाकारलात. त्या दिवशी जैद मेला असता तर जबाबदार कोण, असंही विचारणार. इंग्रजीत मुद्दे काढून बसलीय. मी म्हटलं, जाऊ दे ना आता, खलास. “यू ऑल्वेज से खलास, अब्बा. घाबरता तुम्ही.”

तिथे ती नाव सांगेल. ते शोधतील. अर्जच नाही म्हणतील. माझी पोर परक्या माणसांसमोर, खिडकीपाशी उभी असेल तेव्हा.

यातून सुटका नाही. आधी बिलकिसला सांगायचं, मग दोघांनी मिळून अफशांला. बिलकिस रागावेल. रागावू दे. पण तिला हेही कळेल की मी केलं ते तिच्यासाठी. एवढं तरी तिला कळावं.

रविवार, २४ ऑगस्ट

सांगितलं. सकाळी, मुलं उठायच्या आधी. ती ओट्यापाशी कालची भांडी घासत होती. पाठमोरीच म्हणाली, “माहीत होतं मला. खलीलभाईंच्या बायकोने जूनमध्येच सांगितलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

तिने नळ बंद केला. हात पुसले. माझ्याकडे वळली. रागावलेली नव्हती.

“बोलले असते तर तुम्ही कुठूनही पैसे उभे केले असते,” म्हणाली. “आणि आमच्याबरोबर आला असता.”